मुलगी टेनिसमध्ये करिअर करायचं म्हणते : कोकणातल्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या आसपास एका कोर्टावर मी मुलामुलींना टेनिस शिकवते. एखादी मुलगी जिल्हा स्पर्धा जिंकली की दुसऱ्या दिवशी तिचे आईबाबा फाटकाशी उभे असतात, आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. पूर्वी मी प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास बोलायचे, तोवर कोर्टावरची पोरं एकमेकांच्या डोक्यात बॉल घालायची. म्हणून हे एकदाचं लिहून काढलं. आजीचा प्रश्न सगळ्यात वर घेतलाय, कारण घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचाच असतो.

"बॉल मारून पोट भरतला काय गो?"

भरतं, आजी, पण फार थोड्यांचं. 2025 च्या विम्बल्डनमध्ये मुख्य ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, एकेरीत पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला 66,000 पौंड मिळाले. आपले 70 लाखांहून जास्त रुपये झाले. त्याच वर्षी खालच्या पायरीवरच्या डब्ल्यू 15 स्पर्धेची सगळी मिळून बक्षिसाची रक्कम होती 15,000 डॉलर, म्हणजे साधारण 13 लाख. ती एकेरीच्या 32 मुली आणि दुहेरीच्या 16 जोड्या वाटून घेतात. तिथे पहिल्या फेरीत हरणारीच्या हातात जे पडतं त्यात येण्याजाण्याचं भाडंही सुटत नाही. खेळ तोच, जाळं तेवढ्याच उंचीचं. साधारण पहिल्या शंभर-दीडशे क्रमांकांतल्या मुली खेळावर बऱ्यापैकी जगतात. त्याखालच्या घरून पैसे आणतात, प्रायोजक शोधतात, नोकरी धरतात किंवा शिकवतात. माझ्यासारख्या.

ही शिडी नेमकी आहे तरी कशी?

सुरुवात देशातल्या ज्युनिअर स्पर्धांपासून. 12, 14, 16 आणि 18 वर्षांखालील असे गट असतात. अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे, म्हणजे सगळे 'आयटा' म्हणतात तिच्याकडे, नाव नोंदवून नंबर घ्यायचा. जन्मदाखला आत्ताच शोधून ठेवा. ऐन वेळी ग्रामपंचायतीत खेटे घालणारे बाबा मी दर वर्षी बघते.

मग 13 ते 18 वयातल्या मुलांची आंतरराष्ट्रीय ज्युनिअर मालिका येते. तिथे स्पर्धांची नावं जे 30, जे 60, जे 100 अशी चढत जे 500 पर्यंत जातात. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे : एकेरीची विजेती तेवढे गुण नेते. या स्पर्धांना नाव देण्यासाठी जागतिक टेनिस महासंघाचा 'आयपिन' नावाचा खेळाडू क्रमांक लागतो.

त्यानंतर खरा व्यवसाय. डब्ल्यू 15, डब्ल्यू 35, डब्ल्यू 50, डब्ल्यू 75, डब्ल्यू 100. इथेही आकडा म्हणजे विजेतीचे गुण. त्याच्या वर डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, 125, 250, 500, 1000 गुणांच्या स्पर्धा आणि सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, जिथे विजेतीला 2000 गुण मिळतात. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 मुली असतात. त्यातल्या 104 थेट क्रमवारीवर येतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर. पात्रता फेरी गाठायची तरी जगात सव्वादोनशेच्या आसपास असावं लागतं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम हळू वाचायला सांगते.

क्रमवारी मोजतात कशी? मोबाइलवर दर सोमवारी आकडा बदलतो.

गेल्या 52 आठवड्यांतल्या सगळ्यात चांगल्या 18 स्पर्धांचे गुण धरतात. क्रमवारीत नाव यायचं तर किमान तीन स्पर्धांत गुण मिळवायचे किंवा एकूण 10 गुण जमवायचे. डब्ल्यू 15 जिंकली की 15 गुण मिळतात. पण उपउपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे शेवटच्या 16 मध्ये हरलात, तर फक्त 1. त्यामुळे वर्षभर फिरूनही काही मुली पाच-सात गुणांवर अडकून असतात.

आणि मिळालेले गुण बरोब्बर वर्षाने गळतात. गेल्या वर्षीची हापूसची पेटी यंदा विकता येत नाही, तसंच हे. मागच्या मे महिन्यात जिंकलात ना, मग या मे महिन्यात तेवढंच पुन्हा पिकवा, नाहीतर क्रमांक खाली. म्हणून पेपरात "अमुक क्रमांकांची घसरण" असं वाचून लगेच वाईट वाटून घेऊ नका. कधी दुखापत असते, कधी तो आठवडा तिने वेगळ्या मोठ्या स्पर्धेत घालवलेला असतो.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

सहा ते आठ. लहान मुलांना लाल, नारिंगी आणि हिरवा असे मऊ बॉल असतात. लाल सगळ्यात संथ, हिरवा नेहमीच्या पिवळ्या बॉलच्या जवळ जाणारा. थेट पिवळा बॉल दिला की पोर खांद्याच्या वर रॅकेट नेऊन मारायला लागतं आणि ती खोड पुढे पाच वर्षं जात नाही. दहाव्या वर्षी आलेली मुलगी उशिरा आली असं मी मानत नाही. तोवर ती लंगडी, खो-खो, पोहणं यात असेल तर उलट बरंच.

आमच्या गावात धड कोर्टच नाही. मग सगळं संपलंच ना?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलते, कारण सगळ्यांना अडचण कोर्टाची वाटते. ती तिथे नाहीच.

एकेरीचं कोर्ट 23.77 मीटर लांब आणि 8.23 मीटर रुंद. मागे-पुढे धावायला जागा धरली तरी तालुक्याच्या ठिकाणी एवढी सपाट जमीन निघते. नाहीच निघाली तर जांभ्याची एक उंच भिंत आणि समोर शेणाने सारवलेलं खळं यावर पहिली दोन वर्षं निघतात. भिंत कधी दमत नाही, कधी चुकत नाही आणि तिला घरी जायची घाई नसते. मी स्वतः अशाच भिंतीवर शिकले. आमच्या काकांनी तिच्यावर चुन्याने जाळ्याची रेघ ओढून दिली होती, बरोबर तीन फुटांवर.

अडचण आहे ती समोरच्या मुलीची. अकराव्या-बाराव्या वर्षी तुमच्या मुलीला हरवू शकणाऱ्या निदान पाच-सहा मुली आठवड्याला हव्यात. त्याही वेगवेगळ्या ढंगाच्या. एक डावखुरी, एक नुसती लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच बॉल, टाकणारी, एक सर्व्हिसवर तुटून पडणारी. पुण्यात एका क्लबात त्या एका संध्याकाळी भेटतात. सिंधुदुर्गात त्या अख्ख्या जिल्ह्यात मिळून भेटत नाहीत. आमच्याकडे जिल्हा पातळीवर मुलींच्या गटात कधीकधी चारच नावं येतात. दोन सामने जिंकले की करंडक. घरच्यांना वाटतं मुलगी तयार झाली. पुण्यात पहिल्या फेरीत ती 6-0, 6-1 हरते आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.

म्हणून कोर्टासाठी वर्गणी काढायच्या आधी प्रवासाचं वेळापत्रक काढा. शनिवारी पहाटे निघून करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर, रविवारी रात्री परत. सावंतवाडीकडच्यांना आंबोली चढून बेळगाव जवळ पडतं. पणजी-म्हापसा तर दीड-दोन तासांवर आहे. तिथे जाऊन सराव सामने खेळायला काही आडकाठी नाही, फक्त राज्य पातळीवर आपली मुलगी महाराष्ट्राकडूनच उतरणार. मुलं मिळाली तर मुलांशी खेळवा. तेरा वर्षांचा मुलगा आपल्या मुलीशी हरला तर त्याला थोडं लागतं, पण तो पुढच्या आठवड्यात दुप्पट जोराने येतो आणि आपल्याला तेच हवं असतं.

म्हणजे शेवटी पुण्याला जावंच लागणार?

बहुतेक हो, पण लगेच नाही. मी चौदा-पंधराच्या आधी कुणाला हलवायला सांगत नाही.

लहान गावातून वर गेलेल्या मुली आपल्याच राज्यात आहेत. प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तिने सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवलं आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दोघी जोडीने उतरल्या. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, 2023 मध्ये, रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक. अंकिता रैना अहमदाबादची, पण घडली पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. 2018 ला इंडोनेशियात पालेम्बांगला आशियाई एकेरीचं कांस्य, आणि 2020 मध्ये जगात 160 वा क्रमांक.

बार्शीला आणि श्रीरामपूरला समुद्र नाही, पण तिथल्या आईवडिलांचं गणित आपल्यासारखंच असणार. फरक एवढाच की ते घाटावर आहेत आणि आपण खाली. आपल्याकडून पुण्याला रोजची थेट रेल्वे नाही. पनवेलला उतरून पुढे जा, नाहीतर रात्रीच्या एसटीत मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसा. ती पहाटे उतरते आणि साडेआठला पहिला सामना. निदान एक रात्र आधी पोचायची सवय लावा. कुठली स्पर्धा ते सोडा, पण एकदा घाटात दरड आली, आम्ही साइन-इनच्या, म्हणजे हजेरी नोंदवायच्या, टेबलाशी दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि मुलीच्या नावावर काट मारलेली. रेफ्रीचं काही चुकलं नव्हतं. ती पोर परतीच्या वाटेवर गगनबावड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

मृगापासून आमचं कोर्ट हिरवं. रंगाने नव्हे, शेवाळाने. त्यावर मुलीला धावायला लावणं म्हणजे गुडघा हातात देणं. फिनाइल, ब्लीचिंग पावडर, खराटा, सगळं करून झालंय. श्रावणात चार उन्हाची तिरपी पडली की पोरं खराटे घेऊन येतात, आणि कोर्ट घासून होईपर्यंत पुन्हा सर येते.

या महिन्यांत शरीर घडवा. दोरीच्या उड्या, पायऱ्या, खांद्याचे आणि मनगटाचे व्यायाम. शाळेचा बॅडमिंटन हॉल मिळाला तर मऊ बॉलवर व्हॉलीचा, म्हणजे टप्पा न पडू देता मारण्याचा, सराव होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे तरी पुण्या-मुंबईकडे, छप्पर असलेलं कोर्ट बघून, न्यावं. नाहीतर सप्टेंबरात मुलगी वहाणा शोधत कोर्टावर येते आणि पहिला फोरहँड थेट करवंदीच्या जाळीत.

इथल्या दमट हवेचा आणि वाऱ्याचा तोटाच ना?

फायदा आहे. कोर्टं उत्तर-दक्षिण बांधतात, म्हणजे सूर्य खेळाडूच्या डोळ्यांवर येत नाही. आपल्याकडे दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून सुटतो, म्हणजे बरोब्बर आडवा. सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल हातभर सरकतो. जी मुलगी रोज यात खेळते तिचे पाय शेवटच्या क्षणापर्यंत हलत राहतात आणि ती हा वर फेकलेला बॉल, म्हणजे टॉस, आटोपशीर ठेवते. शहरातल्या मुलीला असा वारा एखाद्या दिवशी भेटला की ती आभाळाकडे बघते.

तोटे आहेत ते सामानाचे. बॉल ओल धरतात आणि जड होतात. ग्रिप घामाने सटकते, ओव्हरग्रिप आठवड्याला बदला. पॉलिएस्टरची तार तुटली नाही तरी काही आठवड्यांत सैल पडते, "अजून शाबूत आहे" म्हणून वर्ष काढू नका, खांदा जातो. आणि जाळ्याचे खांब दर वर्षी रंगवा. आमच्या जाळ्याची वायर खाऱ्या हवेने एकदा भर सामन्यात तुटली होती. 40-30 ला.

जाता जाता : आपली तांबडी माती म्हणजे फ्रेंच ओपनची लाल माती नव्हे. तिथे चुनखडीच्या थरावर विटांचा बारीक चुरा पसरलेला असतो. आपल्या जांभ्याच्या मातीवर बॉल कुठे उडेल हे मातीलाही माहीत नसतं.

खर्च किती येतो? खरं सांगा.

पहिल्या तीन-चार वर्षांत क्रिकेटच्या किटपेक्षा फार जास्त नाही. मग चढतो. चांगली रॅकेट 15 ते 20 हजारांच्या घरात आणि स्पर्धा खेळणाऱ्या मुलीकडे एकसारख्या निदान दोन लागतात. बूट सहा महिन्यांत झिजतात, सिमेंटवर त्याआधीच. तारा ओढून घ्यायला आपल्याकडे मशीन कमी, त्यामुळे कोल्हापूरला जाताना पिशवीत तीन रॅकेट आणि शेजारणीची एक.

पण खरा खर्च या वस्तूंचा नाही. तो प्रवास, राहणं आणि सोबत जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचा. ज्युनिअर स्पर्धांच्या वर्षात एक पालक महिन्यातून दोनदा बाहेर असतो. आंब्याच्या हंगामात बागायतदार बाबांना हे जमत नाही, आणि मार्च-एप्रिल-मे म्हणजे नेमका सुट्टीतल्या स्पर्धांचा काळ. आमच्याकडे तीन घरांनी मिळून पाळी लावली आहे : या खेपेला एक आई तिघींना घेऊन जाते, पुढच्या खेपेला दुसरी. राहण्याची खोली एक, डबा एक.

सोळाव्यानंतर परदेशी स्पर्धा सुरू झाल्या की हिशेब लाखांतच असतो. तिथे घर विकू नका, बाग गहाण ठेवू नका. हे मी कोर्टावर मोठ्याने सांगते, मुलीही ऐकू देत.

सरकारी मदत मिळते का?

'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं सहाय्य ठेवलेलं आहे, पण निवड राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीवर. 'टॉप्स' ही योजना ऑलिम्पिक पदकाच्या आशेवर असलेल्यांसाठी. आपल्या घराला जास्त जवळच्या गोष्टी दोन : दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, कपाटात, वरच्या कप्प्यात. पावसात भिंतीला ओल येते.

शाळेचं काय?

आठवीपर्यंत नियमित शाळा. त्यानंतर हजेरीचा प्रश्न येतो, तेव्हा मुख्याध्यापकांशी आधीच बोला, गैरहजर राहिल्यावर नाही. अगदीच जमत नसेल तर दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मला तो शेवटचा पर्याय वाटतो. गुडघ्याला एक दुखापत झाली की टेनिस वर्षभर बंद आणि शाळा आधीच सोडलेली, अशा मुली मी पाहिल्यात.

अमेरिकेतल्या कॉलेजात टेनिसवर शिष्यवृत्ती मिळते म्हणतात.

मिळते, आणि मध्यमवर्गीय घरासाठी मला ती सगळ्यात शहाणी वाट वाटते. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, शिकली आणि मग व्यावसायिक स्पर्धांकडे वळली. चार वर्षं फुकट कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ, आणि प्रत्येक सरावाला समोर तोडीस तोड मुली. आपल्याला जे घाट चढून शोधावं लागतं ते तिथे वसतिगृहाच्या दारात. त्यासाठी नववीपासूनच इंग्रजी, गुण आणि सामन्यांचे व्हिडिओ यांच्याकडे लक्ष हवं.

ती बारा वर्षांची आहे. लगेच मोठ्या मुलींच्या स्पर्धा खेळवू का?

देशातल्या खेळवा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा 14 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदच आहेत, आणि पुढेही 18 पर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावर मर्यादा असते. ती दर वाढदिवसाला सैल होते. कोवळ्या वयात मुलींना पिळून काढू नये म्हणून हा नियम आला. आईबाबांना तो कधीकधी अन्याय वाटतो.

ती सारखी पहिल्या फेरीत हरते. सोडून द्यावं का?

32 मुलींच्या ड्रॉमध्ये 31 मुली त्या आठवड्यात हरतात. त्यांतल्या 16 पहिल्याच फेरीत. मोठ्यात मोठी खेळाडूसुद्धा वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच संपवते, फक्त ती उशिरा हरते.

तेव्हा हरली का हे विचारू नका, कशी हरली ते बघा. मी एक वही ठेवायला लावते. डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले गुण, किती, पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली, 30-30 झाल्यावर काय मारलं. सहा महिन्यांनी तीच मुलगी त्याच मुलीशी 6-1, 6-1 ऐवजी 7-5, 6-4 ने हरत असेल तर काम चालू आहे. आकडे जागचे हलत नसतील तर दोन शक्यता : शिकवणारी बदलायला हवी, म्हणजे मी, किंवा तिला आतून हे नकोच आहे. ही दुसरी गोष्ट मूल तोंडाने सांगत नाही. पोट दुखतं, बूट हरवतात, रॅकेट एसटीत राहते.

सध्या उगवत्या म्हणाव्यात अशा भारतीय मुली कोण?

2025 च्या फेब्रुवारीत मुंबई ओपनला, म्हणजे डब्ल्यूटीए 125 ला, कोईमतूरची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. वय 15. त्याच एप्रिलमध्ये पुण्याच्या बालेवाडीत बिली जीन किंग चषकात, म्हणजे महिलांच्या देशोदेशीच्या सांघिक स्पर्धेत, श्रीवल्ली भमिडिपाटीने पाचच्या पाच एकेरी सामने जिंकले आणि भारत प्ले-ऑफमध्ये पोचला. पुण्याची वैष्णवी आडकर त्या जुलैत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेऊन आली.

याच मुंबईत 2017 च्या नोव्हेंबरात, सीसीआयच्या, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, कोर्टावर, 19 वर्षांची एक बेलारूसची मुलगी जिंकून गेली होती. तिचं नाव अरिना सबालेंका. सहा वर्षांनी ती जगात पहिली झाली. अशी स्पर्धा मुंबईत आली की रात्रीची कोकणकन्या पकडून मुलीला घेऊन जा. टीव्हीवर बॉलचा वेग कळत नाही. कोर्टाच्या कडेला बसून त्याचा आवाज ऐकला की मुली घरी येऊन वेगळ्याच मारायला लागतात. किमान आठवडाभर.

आणि आपल्या बायकांचा हा खेळ आजचा नाही. मुंबईच्या लीला राव 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकल्या होत्या. ओपन युगात, म्हणजे व्यावसायिकांनाही या स्पर्धा खुल्या झाल्यावर, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय महिलेचा पहिला विजय मात्र थेट 1998 चा, निरुपमा वैद्यनाथनचा, ऑस्ट्रेलियात. मधली 64 वर्षं मला नेहमी टोचतात.

एकेरी खेळू दे की दुहेरी?

अठरापर्यंत दोन्ही. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 वी होती. मनगटाने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, पुढे ती दुहेरीकडे वळली आणि 2015 मध्ये त्यात जगात पहिली. ग्रँड स्लॅमची सहा विजेतेपदं, सगळी दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली. शिवाय गावात चारच मुली असल्या तर दुहेरीत चौघींनाही खेळायला मिळतं, बाकावर कुणी बसत नाही.

(हा प्रश्न आया मला बाजूला घेऊन विचारतात.) पाळी सुरू झाली की खेळ बंद ठेवायचा का?

नाही. त्या दिवसांत तिला जसं वाटेल तसं खेळू द्या आणि गडद रंगाची शॉर्ट्स द्या. विम्बल्डनसारख्या ठिकाणीही, जिथे पांढऱ्याशिवाय काही चालत नव्हतं, 2023 पासून मुलींना आत गडद शॉर्ट्स घालायची मुभा आहे. या वयात मुली खेळ सोडतात ते दुखण्यापेक्षा संकोचाने जास्त. बाबांनाही हे माहीत असू दे, प्रवासात कधी तेच सोबत असतात. आणि स्पर्धेच्या जागी स्वच्छतागृह कसं आहे हे आयोजकांना आधी फोन करून विचारा. विचारणारे वाढले तरच ती सुधारतील.

ताकदीसाठी पावडर द्यावी का?

नको. इगा श्वियांतेकसारखी खेळाडू 2024 मध्ये उत्तेजक चाचणीत सापडली. झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांत भेसळ होती. हे सिद्ध झालं, तरी एक महिन्याची बंदी आलीच. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची, असाच नियम आहे. तिच्याकडे वकील होते, आपल्याकडे नाहीत. डबीवर बनवणाऱ्याचं नाव नसलेली पावडर, कुणी बांधून दिलेल्या पुड्या, खोकल्याचं औषध, काहीही डॉक्टरांना "ही स्पर्धा खेळते" असं सांगितल्याशिवाय देऊ नका.

मग खायला काय?

घरचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, सामन्याच्या तीन तास आधी भात आणि साधी आमटी, मध्ये केळी. घामातून मीठ जातं म्हणून पोटऱ्या धरतात. पाण्यात कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर घालून बाटली द्या, आमच्या मुली वर्षानुवर्षं हेच पितात. सुरमई सामन्यानंतर. सामन्याआधी फणसाचे गरे खाऊन आलेली एक मुलगी होती, तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

हरल्यावर तिच्या फोनवर अनोळखी लोक शिव्या पाठवतात. हे काय?

सट्टेवाले. लहान व्यावसायिक सामन्यांवरही जगभर पैसे लागतात, हरलेला माणूस मुलीला शोधून घाण लिहितो. उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचा, त्याचं अकाउंट ब्लॉक करायचं. आणि कुणी "एक सेट सोड, पैसे देतो" म्हणालं तर त्याच दिवशी रेफ्रीला सांगायचं. नुसतं न सांगणं हाही नियमभंग धरला जातो.

मी जाळीमागून तिला सूचना दिल्या तर चालेल?

नाही.

"बॅकहँड!" एवढंसुद्धा?

तिला माहीत असतं हो बाबा, तो बॅकहँड आहे ते.

जूनमध्ये कोर्ट बंद असताना भेटायला आलो तर चालेल का?

या. सकाळी सातला, मुलीला बूट घालून आणा आणि सोबत कोरडा टॉवेल. भिंत छपराखाली आहे.